मुंबईच्या लोकलची वीज
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



रेल्वेच्या विजेवर आपण बोलावे, असे कार्यवाहांनी आम्हांस सुचविले तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही अभियंते नव्हेत. बी. ए. झालो, तेही मराठी वाङ्मय घेऊन. घरातला फ्यूज उडाला तर शेजाऱ्यास हाक मारणारांपैकी आम्ही आहोत. परंतु केंद्र सरकारच्या लेखा खात्यात आमची जी तीस वर्षे गेली, त्यांतील बरीच रेल्वेच्या कामांचे हिशेब तपासण्यात गेली आणि त्यामुळे एका मोठ्या स्थित्यंतराचे कागद आमच्या हातांखालून गेले. शिवाय आमचे बालपण डोंबिवलीस रुळांच्या काठी गेले. तेव्हा जे कागदावर पाहिले आणि जे खिडकीतून पाहिले, तेवढेच आपणांपुढे ठेवावे, एवढ्याच अधिकाराने आम्ही उभे आहोत.

आपण हुगळीच्या काठी राहणारी मंडळी. सुटीत घरी जावयाचे म्हणजे हावड्याहून मेल किंवा गीतांजली. ही गीतांजली १९७७ साली सुरू झाली, म्हणजे आपल्या मंडळाहून फारशी लहान नाही. सभागृहातील ज्येष्ठांना इगतपुरीचे स्थानक आठवत असेल. नागपूर झाले, भुसावळ झाले, आता घर आलेच असे वाटत असताना गाडी इगतपुरीस थांबून राही. मुले वड्यासाठी हट्ट धरीत, पुरुष मंडळी पाय मोकळे करावयास फलाटावर उतरत आणि तिकडे पुढे एक इंजिन सुटून दुसरे लागत असे. घाटासाठी वेगळे इंजिन लागते, अशी बहुतेकांची समजूत होती. ती अर्धीच खरी. घाट चढून येणाऱ्या गाड्यांना मागून जोर देणारी इंजिने लागत, हे खरे. परंतु मुंबईकडे उतरणाऱ्या आपल्या गाडीचे इंजिन बदलण्याचे मुख्य कारण घाट नव्हे, तर वीज होती. इगतपुरीच्या अलीकडे तारेत एक वीज होती आणि पलीकडे दुसरी. एका विजेवर चालणारे इंजिन दुसरीवर चालत नसे.

ही दुसरी वीज म्हणजे मुंबईची जुनी वीज, आणि आजचा आमचा विषय तीच.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून चार डब्यांची एक गाडी हार्बर मार्गाने कुर्ल्याकडे निघाली. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन समारंभास होते. हिंदुस्थानातील विजेवर चालणारी ही पहिली गाडी. अंतर सुमारे सोळा किलोमीटर. डोक्यावरच्या तारेत वीज होती १५०० व्होल्टची, एकदिश प्रवाहाची, म्हणजे ज्याला आपण डी. सी. म्हणतो ती. ५ जानेवारी १९२८ रोजी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू केल्या. जी. आय. पी. रेल्वेने तर ठाकुर्लीस स्वतःचे वीजघर उभारले आणि दशक संपता संपता तारा दोन्ही घाट चढून गेल्या. आम्ही लहानपणी त्या वीजघराच्या धुराड्यांकडे पाहत शाळेत जात असू. हा धूर गाडी ओढतो, असे आमचे वडील सांगत. ते तंतोतंत खरे होते, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

१९२५ साली केलेली ती निवड चुकीची होती काय? मुळीच नव्हे. त्या काळी जगात जे उत्तम म्हणून मानले जाई, तेच मुंबईने घेतले. मद्रासनेही १९३१ साली बीच ते तांबरम या आपल्या मीटर गेज मार्गावर हीच १५०० व्होल्टची वीज घेतली. परंतु जो प्रथम जातो, त्याला पुढच्याचे शहाणपण मिळत नाही. तीस वर्षांनी फ्रान्समध्ये पंचवीस हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर, म्हणजे ए. सी. विजेवर, गाड्या चालविण्याचे प्रयोग यशस्वी झाले आणि आपल्या रेल्वेनेही पुढची सर्व विद्युतीकरणे त्याच पद्धतीने करावयाचे ठरविले. आपल्या हावड्याचीच गोष्ट घ्या. १४ डिसेंबर १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या उपस्थितीत हावडा ते शेवडाफुली विजेची गाडी सुरू झाली ती ३००० व्होल्टच्या डी. सी. विजेवर, आणि साठच्या दशकातच ती बदलून तेथे पंचवीस हजार व्होल्टची वीज आली. मद्रासही त्याच दशकात बदलले. मागाहून आलेला हावडा पुढे गेला आणि सर्वांत आधी निघालेली मुंबई जुन्या विजेला धरून तशीच राहिली.

का राहिली, हे सांगण्यापूर्वी दोन विजांतील फरक आमच्यासारख्या बी. ए. वाल्याच्या भाषेत सांगतो. गाडीला लागणारी शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. दाब पंधराशेचा असेल, तर तेवढ्याच शक्तीसाठी पंचवीस हजारांच्या मानाने जवळजवळ सतरापट प्रवाह तारेतून वाहावा लागतो. आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तारा जाड हव्यात, त्यांना धरणारे खांब भक्कम हवेत आणि वीज पुरविणारी उपकेंद्रे दर काही किलोमीटरवर हवीत. ए. सी. विजेत हीच उपकेंद्रे मोकळ्या मार्गावर चाळीस-पन्नास किलोमीटर अंतरावर असली तरी भागते. मुंबईत चारांचे आठ डबे झाले, आठांचे नऊ झाले, ऐंशीच्या दशकात बारा झाले आणि दोन गाड्यांमधील वेळ मात्र मिनिटामिनिटाने कमी होत गेली. त्या जुन्या तारेकडून आणखी काही मागण्याची सोय उरली नाही. गाड्या वाढवा, लांब करा, असे लोक म्हणत होते. आणि तारेत वीज होती तेवढीच होती.

मग बदलली का नाही? याचे उत्तर एका वाक्यात असे की, मुंबईची लोकल थांबविता येत नाही. हावड्यास १९५७ साली निघालेली वीज दहा वर्षांत बदलताना मार्ग थोडा होता, गाड्या थोड्या होत्या. मुंबईत सत्तर वर्षांचा संसार बदलावयाचा होता, आणि तोही घरात माणसे राहत असताना. पहाटे चारला पहिली लोकल निघते, मध्यरात्रीनंतर शेवटची पोहोचते. मध्ये जे दोन-तीन तास राहतात, त्यांत जे काय करावयाचे ते. रविवारच्या मेगाब्लॉकला आपले मुंबईकर नातेवाईक शिव्या देतात, त्या आम्हीही दिल्या आहेत.

१९९९ साली मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले, जागतिक बँकेचे कर्ज मिळाले आणि मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात हे काम हाती घेण्यात आले. आता आपणांस वाटेल की, तारेत एक वीज होती, ती काढून दुसरी सोडली, संपले. आम्हांलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात तार धरून ठेवणारा प्रत्येक चिनी मातीचा इन्सुलेटर बदलावा लागला, कारण पंधराशेला पुरणारा पंचवीस हजारांना पुरत नाही. रुळांशेजारून जाणाऱ्या तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या केबली बदलाव्या लागल्या, कारण ए. सी. वीज शेजारच्या तारेत आपली वीज उपजविते. सिग्नलचे तर विशेष. गाडी कोठे आहे हे कळण्यासाठी रुळांतून एक हलका प्रवाह सोडलेला असतो. गाडीची वीज डी. सी. असेल, तर हा प्रवाह ए. सी. ठेवावा लागतो, म्हणजे दोहोंची गल्लत होत नाही. गाडीची वीज ए. सी. होणार म्हटल्यावर ही सारी व्यवस्था उलटी करावी लागली. आणि हे सर्व अशा रीतीने की, जुनी वीज चालू असतानाही ते चालावे आणि नवी आली तरीही चालावे. गाड्यासुद्धा दोन्ही विजांवर चालणाऱ्या आणल्या. तारेचा मधला एक तुकडा मृत ठेवलेला असे. गाडी आपल्याच वेगाने तो ओलांडी आणि पलीकडे दुसऱ्या विजेवर चालू लागे. आत उभ्या असलेल्या माणसाला याचा पत्ताही नसे.

वृत्तपत्रांत ‘लोकल ए. सी. होणार’ असे मथळे आले, तेव्हा आमच्या शेजारच्या वहिनींनी गारवा कधीपासून मिळणार, असे विचारले होते. त्यांना आम्ही फार निराश केले.

आता आमच्या स्वतःच्या एका चुकीची हकीकत सांगणे भाग आहे. आम्ही तेव्हा ज्या कार्यालयात होतो, त्याचे नाव घेत नाही. आमच्या मेजावर एक प्रकरण आले. एका जुन्या पुलाखालचे रूळ खाली घेण्याचा खर्च मागितला होता. पंचवीस हजार व्होल्टची तार पुलाच्या दगडांपासून वीत-सव्वा वीत तरी दूर हवी, नाहीतर वीज हवेतून उडी मारते. पूल ब्रिटिश काळातला, कमानीचा, वर रहदारीचा रस्ता. पूल उचलता येत नव्हता, म्हणून रूळ खाली घ्यावयाचे. वीतभर जागेसाठी मागितलेली रक्कम पाहून आम्ही शेरा मारला, ‘खर्चाचे समर्थन अपुरे, अन्य पर्याय तपासावेत,’ आणि कागद परत पाठविला. तो पुन्हा आला, पुन्हा गेला. असे दोनदा झाले. मधले महिने आमच्या हिशेबी कोठेच पडले नाहीत.

तिसऱ्या वेळी एक तरुण अभियंता स्वतः आला. वाद घातला नाही. “साहेब, एकदा रात्री या,” एवढेच म्हणाला. आम्ही गेलो. शेवटची लोकल गेली, तारेतली वीज बंद केल्याचा निरोप आला, तार जमिनीला जोडली गेली आणि पन्नाससाठ माणसे त्या कमानीखाली शिरली. खडी उपसावयाची, स्लीपर उचलावयाचे, खालची माती काढावयाची, पुन्हा खडी भरून ती ठोकावयाची, रूळ बसवावयाचा आणि मापून पाहावयाचे. पाण्याची वाट मोडता कामा नये, नाहीतर पहिल्याच पावसात रूळ बुडतील. पहाटे साडेतीनच्या सुमारास अभियंत्याने मोजपट्टी धरली आणि आम्हांस आकडा दाखविला. त्या रात्रीची कमाई दोन बोटे होती. अशा रात्री त्या एका पुलाला बऱ्याच लागावयाच्या होत्या, आणि पूल काही तो एकच नव्हता. सव्वाचार वाजता पहिली लोकल हळूहळू त्या जागेवरून गेली. दारातल्या दोघा-तिघांनी खाली उभ्या असलेल्या माणसांकडे पाहिलेही नाही, आणि त्यांनी का पाहावे? त्या सकाळी कार्यालयात जाऊन आम्ही शेरा बदलला. पण गेलेले महिने परत देता आले नाहीत.

पुलांचे हे दुखणे किती खोल होते, याची आणखी एक खूण सांगतो. पेरांबूरच्या कारखान्यातून मुंबईसाठी पहिली वातानुकूलित लोकल २०१६ साली आली ती मध्य रेल्वेकडे. तिची उंची अधिक, आणि मध्य रेल्वेवरचे पूल ठेंगणे. ती तेथे चालविता येईना, म्हणून पश्चिम रेल्वेस द्यावी लागली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून चर्चगेटकडे निघाली.

वीजबदलाचा क्रम मात्र पुरा झाला. पश्चिम रेल्वेचा मार्ग २०१२ च्या फेब्रुवारीत पूर्णपणे नव्या विजेवर आला, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ च्या जूनमध्ये. उरला हार्बर. ९ एप्रिल २०१६ च्या शनिवारी रात्री जुन्या विजेवरची शेवटची लोकल कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे निघाली. पहिली गाडी ज्या वाटेने गेली होती, त्याच वाटेने शेवटची परत आली; मध्ये एक्याण्णव वर्षे आणि दोन महिने गेले. आम्ही त्या गाडीत होतो. निरोप द्यावयास जमलेले हौशी लोक होते, छायाचित्रे घेणारे होते, आणि ज्यांना नुसते घरी जावयाचे होते असेही बरेच होते. त्यांतल्या एकाने आज एवढी गर्दी कसली, असे आम्हांस विचारले. आम्ही सांगितले. “मग उद्यापासून गाडी वेळेवर येणार का?” असा त्याने उलट प्रश्न केला, आणि मस्जिद येईपर्यंत आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्याच्या प्रश्नाला आज उत्तर द्यावयाचे, तर ते सरळ नाही. नव्या विजेने पुष्कळ दिले. २००७ पासून नव्या गाड्या आल्या, छतातून हवा खेळविणाऱ्या. श्रावणातल्या उकाड्यात नऊ डब्यांच्या जुन्या गाडीत उभे राहिलेल्यालाच तिचे मोल कळेल. ब्रेक लावताना मोटरच वीज निर्माण करून तारेला परत देते. एकूण विजेचा सुमारे तिसरा हिस्सा अशा रीतीने वाचतो, असा रेल्वेचा हिशेब आहे. कमाल वेग ताशी शंभर किलोमीटरपर्यंत गेला. पंधरा डब्यांची गाडी आली. आणि आपल्यापुरते पाहावयाचे, तर इगतपुरीस इंजिन बदलण्याचे कारण उरले नाही. एकच इंजिन हावड्यापासून मुंबईपर्यंत जाऊ शकते. वडा मात्र धावतपळत घ्यावा लागतो.

परंतु दारातला माणूस दारातच राहिला. रेल्वेच्या कागदांत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असा एक शब्दप्रयोग आहे. एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसे उभी असली की, तो लागू होतो. आम्ही तो शब्द पहिल्यांदा वाचला, तेव्हा आम्हांस आमच्या चाळीतला एक सोबती आठवला. आमच्याबरोबर मॅट्रिक झाला, मुंबईस नोकरीला लागला. एका पावसाळ्यात दारातला दांडा हातून सुटला. सायंकाळी त्याच्या घरच्यांनी जेवण झाकून ठेवले होते. यापलीकडे आम्ही सांगत नाही.

वातानुकूलित लोकलची दारे आपोआप मिटतात. गारवा ही तिची चैन म्हणा, पण मिटणारे दार ही चैन नव्हे. मात्र भाडे अधिक. मे २०२२ मध्ये तिकीट निम्म्यावर आणले, गर्दी वाढली. पण साध्या गाडीच्या जागी वातानुकूलित गाडी आली की, साध्या पासवाल्याची गाडी जाते. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूर येथे प्रवासी याच कारणाने संतापून उठले आणि मध्य रेल्वेला दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. त्या लोकांना सुधारणा नको होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना आपली नेहमीची गाडी हवी होती, एवढेच. पुढे ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारांत लोंबकळणारी माणसे खाली पडली आणि चौघे त्याच दिवशी दगावले. त्यानंतर रेल्वेने साध्या गाडीलाही आपोआप मिटणारी दारे बसविण्याचे जाहीर केले. दारांना झरोके, छतावरून हवा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट, असा तो आराखडा आहे.

आमचे मत विचाराल, तर हे काम पंचवीस हजार व्होल्टच्या कामाहून कमी मोलाचे नाही, आणि त्याचा कागद कोणा लेखाधिकाऱ्याच्या मेजावर येईल तेव्हा ‘समर्थन अपुरे’ असा शेरा त्याच्यावर पडू नये. दार मिटले म्हणजे बाहेर राहिलेल्याला पुढची गाडी लवकर मिळाली पाहिजे, नाहीतर दार मिटणारच नाही, कोणीतरी पाय घालून उभा राहील. म्हणजे पुन्हा गाड्या वाढविणे आले, पुन्हा तार आणि सिग्नल आले. आता निदान तारेत वीज कमी आहे, ही सबब उरलेली नाही.

आमच्या मातोश्री अजून डोंबिवलीस त्याच घरी आहेत. वय ऐंशीच्या पुढे. वडील फोर्टातल्या कचेरीत पस्तीस वर्षे जात-येत होते. सात-चाळीसची लोकल थांबून निघाल्याचा आवाज आला की, आई आमटी गरम करावयास ठेवीत. जुन्या गाडीचा तो कॉम्प्रेसरचा घरघराट घरात ऐकू येत असे. नव्या गाड्यांचा आवाज त्यांच्या ओळखीचा नाही. आता आमची भाची त्या मार्गाने जाते. गाडीत चढली की मामीला आणि उतरली की आजीला, असे तिचे दोन निरोप फोनवर येतात. दुसरा निरोप येईपर्यंत आई दिवाणखान्यातल्या खुर्चीवरून उठत नाहीत. परवा फोनवर त्यांनी आम्हांस विचारले, “तू रेल्वेचं एवढं सगळं बघितलंस म्हणतोस, ती दारं कधी बसणार ते तुला ठाऊक आहे का?”